घराची सुरक्षा यंत्रणा: आखणी, वायरिंग आणि रोजचा वापर – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घराला अलार्म आणि कॅमेरे बसवायचं ठरलं की बहुतेक ठिकाणी आधी सामान घरात येतं आणि ते कुठे लावायचं याचा विचार नंतर होतो. इथे क्रम उलटा ठेवला आहे: आधी घर आणि घरातली माणसं, मग वायर, मग उपकरणं. यंत्रणा कितीही महागाची असली तरी ती रोज लावणं घरातल्यांना जाच वाटू लागलं की ती बंद पडून राहते. भिंतीवर कीपॅड आहे, पण अलार्म कोणी लावतच नाही, अशी घरं पुष्कळ आहेत. ते टाळता येतं, आणि त्यासाठीच ही उत्तरं जरा सविस्तर लिहिली आहेत.

सुरुवात कुठून करू?

घराचा साधा नकाशा कागदावर काढा. मापं तंतोतंत नसली तरी चालतील, पण प्रत्येक दार, खिडकी, गच्चीचा दरवाजा आणि न्हाणीघराची झडपं त्यात हवीत. मग त्यावर दोन वाटा आखा. पहिली घरातल्यांची: सकाळी कोण कुठल्या दाराने बाहेर पडतं, रात्री पाणी प्यायला कोण उठतं, मागचं दार दिवसभर उघडं असतं का, घरात मांजर किंवा कुत्रा आहे का, किल्ली आणखी कोणाकडे असते. दुसरी वाट चोराची. त्यासाठी एकदा दिवसा आणि एकदा रात्री घराला बाहेरून फेरी मारा. उजेड कुठे पोचत नाही, कुठल्या पाइपला धरून वर चढता येतं, कुठली खिडकी रस्त्यावरून दिसत नाही, हे बघा. फक्त चोराची वाट जिथून जाते तिथे सेन्सर बिनधास्त लावा. दोन्ही वाटा जिथे एकत्र येतात तिथे मात्र विचार करून लावा, कारण बहुतेक खोटे अलार्म तिथूनच येतात.

फेरी मारताना चौकटीही दाबून बघा. अलार्म दार अडवत नाही, दार उघडल्याचं फक्त सांगतो. चौकटीचं लाकूड भुसभुशीत झालं असेल, किंवा कुलपाची जीभ ज्या पट्टीत बसते ती दोन आखूड स्क्रूंवर तगून असेल, तर पहिला खर्च तिथे करा. चौकट ओलांडून मागच्या भिंतीत शिरतील असे सात-आठ सेंटिमीटरचे स्क्रू त्या पट्टीला लावणं हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि लाथ मारून दार उघडणाऱ्याला ते चांगलंच जड जातं.

आधी अलार्म घ्यावा की कॅमेरे?

माझं मत स्पष्ट आहे: आधी अलार्म. कॅमेरा बहुतेक वेळा काय घडलं ते नंतर दाखवतो. दाराखिडकीवरचा सेन्सर ते घडत असताना ओरडून सांगतो. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर आत येण्याच्या वाटांवर सेन्सर, एक चांगला सायरन आणि मुख्य दारावर एक कॅमेरा, एवढं पुरे.

दारावरचा तो एक कॅमेरा मात्र जरूर घ्या. न्यूयॉर्कमध्ये परिचारिका असलेल्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन आणि त्यांचे पती अल्बर्ट यांनी १९६६ साली घरगुती सुरक्षा यंत्रणेच्या पेटंटसाठी अर्ज केला, आणि १९६९ मध्ये त्यांना ते मिळालं. त्यांच्या यंत्रणेतला कॅमेरा दारातल्या वेगवेगळ्या उंचीच्या छिद्रांमधून बाहेर बघायचा. चित्र आतल्या पडद्यावर दिसायचं, बाहेरच्याशी बोलता यायचं आणि दाराचं कुलूप दुरून उघडता यायचं. दार उघडण्याआधी बाहेर कोण आहे ते कळावं, ही गरज आजही तशीच आहे. गच्चीच्या चार कोपऱ्यांत चार कॅमेरे लावण्यापेक्षा दारातला एक नीट लावलेला कॅमेरा रोज कामाला येतो.

वायर टाकू की वायरलेस घेऊ?

घर बांधताय किंवा गिलावा, रंग, फरशी काढताय, तर वायर टाका. अशी संधी पुन्हा लवकर येत नाही. वायरच्या सेन्सरला बॅटरी बदलावी लागत नाही, त्याचा सिग्नल अडत नाही आणि पुढे पॅनेल (सगळे सेन्सर ज्याला जोडतात तो मुख्य डबा) बदललं तरी भिंतीतली वायर तीच राहते.

राहत्या घरात भिंती फोडायच्या नसतील तर वायरलेस चांगलं चालतं, पण दोन गोष्टी तपासून घ्या. सेन्सर ठरावीक वेळाने पॅनेलला ‘मी आहे’ असा सिग्नल पाठवतो का, आणि तो आला नाही तर पॅनेल तक्रार करतं का? नसेल, तर सेन्सरची बॅटरी संपल्याचं तुम्हाला चोरी झाल्यावर कळेल. दुसरं, मुद्दाम रेडिओ गोंधळ घातला तर पॅनेलला ते ओळखता येतं का? स्वस्त संचांमध्ये बहुधा दोन्ही नसतं. फक्त वाय-फायवर चालणाऱ्या सेन्सरांवर घराची मुख्य राखण सोपवू नये. राउटर बंद पडला की तेही मुके होतात.

दोन्हींची सरमिसळ करायलाही हरकत नाही. बहुतेक पॅनेलना वायरलेस रिसीव्हर जोडता येतो. मुख्य दार, मागचं दार आणि जिना वायरने, आणि जिथे वायर पोचवणं अवघड आहे ती खिडकी वायरलेस, ही विभागणी मला सगळ्यात व्यवहार्य वाटते.

वायरी कशा ओढायच्या?

प्रत्येक सेन्सरपासून पॅनेलपर्यंत स्वतंत्र वायर. एका सेन्सरवरून दुसऱ्यावर आणि तिथून तिसऱ्यावर अशी साखळी करू नका. साखळीत वायर वाचते, पण पुढे बिघाड झाला की नेमकं कुठलं दार हे पॅनेल सांगू शकत नाही आणि सगळ्या खोल्या उकराव्या लागतात.

पॅनेलची जागा घराच्या आतल्या भागात, कोरडी आणि सहज नजरेला न पडणारी हवी. कपाटातला एक कप्पा चालतो, मात्र तिथे हवा खेळती असावी, कारण बॅटरीला उकाडा सोसत नाही. कीपॅड दाराजवळ असला तरी पॅनेल दाराजवळ नको.

या वायरी घरच्या विजेच्या वायरींबरोबर एकाच पाइपात कधीही घालू नका. एक तर इन्सुलेशन खराब झालं तर मेनचा दाब थेट कीपॅडवर येऊ शकतो, आणि दुसरं म्हणजे शेजारून जाणाऱ्या विजेमुळे सेन्सरच्या वायरीत खोटे सिग्नल शिरतात. समांतर जायचंच असेल तर साधारण ३० सेंटिमीटर अंतर ठेवा, आणि ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांडा.

झिरी मारून पाइप टाकत असाल तर पाइपात एक नायलॉनची दोरी सोडून ठेवा, पुढे आणखी वायर ओढायला ती उपयोगी पडते. प्रत्येक टोकाला निदान ३० सेंटिमीटर जादा वायर राखा. आणि गिलावा चढण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, चौकटीला मोजपट्टी टेकवून. पुढे त्या भिंतीवर फळी ठोकायची वेळ येईल तेव्हा या फोटोंचं मोल कळेल.

नंबर वायरीच्या दोन्ही टोकांना घाला. ‘हॉल खिडकी’ असं एकाच टोकाला पेनाने लिहिलेलं काही वर्षांत पुसून जातं.

वायर कोणत्या जाडीची घ्यावी?

दार-खिडकीच्या सेन्सरला आणि हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरला २२ गेजची चार किंवा सहा तारांची वायर पुरते (गेजचा आकडा जितका लहान, तितकी तार जाड). सहा तारांची घेतलेली बरी; एखादी तार भिंतीत तुटली तर हाताशी दुसरी असते. सायरनला मात्र जाड वायर लागते.

पॅनेलपासून सायरन ३० मीटरवर आहे असं धरा. वीज जाऊन परत यायची, म्हणजे तारेची लांबी ६० मीटर. २२ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध १०० मीटरला साधारण ५.३ ओहम, म्हणून ६० मीटरला ३.२ ओहम. सायरन १ ॲम्पिअर ओढत असेल तर ३.२ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात आणि १२ व्होल्टच्या सायरनला पावणेनऊच्या आसपास मिळतात. तो घोगरा वाजेल किंवा वाजणारच नाही. तेच १८ गेजने जोडलं तर घट १.३ व्होल्टवर येते. याउलट हालचाल ओळखणारा सेन्सर जेमतेम १५ मिलिॲम्पिअर घेतो, त्याला बारीक वायरीने काही फरक पडत नाही.

तार शुद्ध तांब्याची आहे याची खात्री करा. वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम अशा वायरी बाजारात सर्रास मिळतात. त्यांचा रोध तांब्यापेक्षा बराच जास्त असतो आणि वाकवल्यावर त्या लवकर तुटतात. टोक ब्लेडने खरवडा. आत चंदेरी दिसलं तर परत करा. एक अडचण आहे: कथिलाचा मुलामा दिलेलं तांबंही वरून चंदेरीच दिसतं, पण खरवडल्यावर त्याच्या आत लालसर तांबं लागतं.

दाराचा सेन्सर काम कसा करतो? आणि ते टोकाचं रेझिस्टर कशासाठी?

चौकटीवरच्या भागात काचेची छोटी नळी असते आणि तिच्यात दोन पातळ लोखंडी पात्या. दारावर चुंबक. दार बंद असताना चुंबक जवळ असतो, पात्या एकमेकींना चिकटतात आणि सर्किट पूर्ण राहतं. दार उघडलं की पात्या सुटतात. हा रीड स्विच १९३६ साली बेल लॅबोरेटरीजमध्ये वॉल्टर एलवुड यांनी शोधला, आणि आजही घरगुती अलार्मचा खरा भार तोच वाहतो.

१८५३ मध्ये ऑगस्टस पोप यांनी अमेरिकेत पेटंट घेतलेल्या विजेच्या अलार्ममध्ये दार उघडलं की सर्किट जोडलं जायचं आणि घंटा वाजायची. त्यात अडचण अशी की वायर कापली की घंटा गप्प. म्हणून आता सर्किट कायम जोडलेलं ठेवतात. दार उघडो किंवा वायर तुटो, पॅनेलला दोन्ही कळतं.

तरीही एक भोक उरतं. वायरीच्या दोन तारा मध्येच एकमेकींना टेकल्या तर सर्किट कायम बंद दिसतं आणि दार सताड उघडं असलं तरी पॅनेल निवांत. हे मुद्दाम कोणी करायलाच हवं असं नाही. वायर ठोकताना एखादी पिन आत घुसली तरी तेच होतं. त्यासाठी सर्किटच्या शेवटी एक रेझिस्टर, म्हणजे ठरावीक रोधाचा छोटा भाग, बसवतात. ५६०० ओहमचं धरू. पॅनेलला ५६०० दिसले तर सगळं ठीक, अनंत दिसले तर दार उघडलं किंवा वायर तुटली, शून्य दिसला तर तारा जुळल्या.

हे रेझिस्टर सेन्सरच्या टोकाला हवं. पुष्कळ ठिकाणी बसवणारे सगळी रेझिस्टर पॅनेलच्या डब्यातच, टर्मिनलवर पिळून ठेवतात, कारण ते सोपं पडतं. तसं केलं की पॅनेल ते डब्यातलंच रेझिस्टर बघत राहतं, आणि दारापर्यंतच्या वायरीत तारा कुठे जुळल्या तर त्याला काही पत्ता लागत नाही. काम ताब्यात घेण्याआधी डबा उघडायला सांगा. टर्मिनलांवर रंगीत पट्ट्यांची छोटी रेझिस्टर ओळीने लोंबताना दिसली तर ती काढून सेन्सरपाशी लावून घ्या.

तपासणं सोपं आहे. दाराच्या झोनच्या, म्हणजे त्या दाराच्या स्वतंत्र सर्किटच्या, दोन्ही तारा पॅनेलमधून सोडवा आणि मल्टिमीटर ओहमवर लावा. दार बंद असताना ५६०० च्या आसपास आकडा यायला हवा; दोन-तीनशे इकडेतिकडे चालेल, कारण रेझिस्टरमध्येच पाच टक्क्यांचा फरक असू शकतो. कोणाला तरी दार उघडायला सांगा, मीटरने अनंत दाखवायला हवं. दार हलकेच खडखडवताना आकडा नाचत असेल तर चुंबक लांब आहे किंवा कुठला तरी स्क्रू ढिला आहे.

रेझिस्टर किती ओहमचं हवं ते पॅनेलवर अवलंबून असतं, माहितीपत्रकात दिलेलंच वापरा. काही पॅनेलमध्ये प्रत्येक झोनला दोन रेझिस्टर लावतात. एक टोकाला आणि एक स्विचच्या दोन्ही बाजूंना जोडून. मग दार उघडल्यावर रोध दुप्पट होतो आणि वायर तुटल्यावर अनंत, त्यामुळे या दोन घटना वेगळ्या ओळखता येतात. पॅनेल तसं असेल तर दोन लावाच.

लोखंडी दाराला साधा चुंबक कमी अंतरावरच काम करतो, कारण लोखंड चुंबकाचं क्षेत्र आपल्याकडे ओढून घेतं. तिथे जास्त अंतराचा, लोखंडी दारासाठीच बनवलेला सेन्सर मागा.

हालचाल ओळखणारा सेन्सर कुठे लावावा?

खोलीच्या कोपऱ्यात, सव्वादोन मीटरच्या आसपास उंचीवर, आणि चोर त्याच्या समोरून आडवा जाईल अशा दिशेने. हा सेन्सर म्हणजे पीआयआर. अंगाची उष्णता त्याच्या भिंगाने पाडलेल्या एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात सरकली की त्याला कळतं. कोणी सरळ त्याच्या दिशेने चालत आलं तर ते उशिरा कळतं.

खिडकीसमोर, उन्हाच्या तिरिपेसमोर, हीटर किंवा एसीच्या झोतासमोर तो लावू नका. काचेतून शरीराची उष्णता त्याला जाणवत नाही, म्हणून घरात लावून बाहेरचं अंगण राखता येत नाही. खोलीचं तापमान अंगाच्या तापमानाजवळ पोचलं की फरक कमी होतो आणि सेन्सर मंदावतो. उष्ण ठिकाणी तापमान भरपाईची सोय असलेला सेन्सर घ्या आणि चाचणी ऐन दुपारी करा.

पाळीव प्राणी असतील तर तसा खास सेन्सर मिळतो, पण कपाटावर उड्या मारणाऱ्या मांजरापुढे त्याचा टिकाव लागत नाही. तिथे दार-खिडक्यांवरच भर द्या.

खिडकीची काच फोडून आत आलं तर?

खिडकीचा चुंबक गप्प बसेल, कारण खिडकी उघडलीच नाही. काच फुटण्याचा आवाज ओळखणारा सेन्सर आधी घाव पडल्याचा खालचा आवाज आणि पाठोपाठ तुकड्यांचा किणकिणाट ऐकून ठरवतो. जाड पडद्यांमागे तो कमी ऐकतो. नाहीतर त्या खोलीतून पुढे जाण्याच्या वाटेवर एक पीआयआर लावा. मी हा दुसरा मार्ग निवडेन. तो स्वस्त आहे आणि वर्षानुवर्षं त्रास देत नाही.

वीज गेली तर यंत्रणा किती वेळ चालते?

हिशोब करता येतो. पॅनेल १०० मिलिॲम्पिअर, कीपॅड ६०, चार पीआयआर मिळून ६०, मोबाइल सिमचा भाग ८०. एकूण ३००. बॅटरी १२ व्होल्ट ७ ॲम्पिअर-तासाची असेल तर ७ भागिले ०.३, म्हणजे कागदावर तेवीस तास. बॅटरी जुनी होते, म्हणून पंधरा-सोळा तासच धरा. सायरन दहा मिनिटं वाजला तरी त्यातून फार जात नाही.

हल्लीच्या घरांत खरा अडथळा राउटरचा असतो. पॅनेल बॅटरीवर चालू, पण राउटर बंद, त्यामुळे मोबाइलवर सूचनाच येत नाही. राउटर आणि कॅमेऱ्यांचा नेटवर्क स्विच (कॅमेऱ्यांच्या केबल जिथे जुळतात तो डबा) छोट्या यूपीएसवर ठेवा. सूचना पाठवायला इंटरनेटबरोबर मोबाइल सिमचाही मार्ग असू द्या. सिमचा भाग फक्त २जी किंवा ३जीचा असेल तर घेऊ नका, कारण अनेक देशांत ती नेटवर्क बंद झाली आहेत किंवा होत आहेत.

पॅनेलमधली शिशाची बॅटरी तीन ते पाच वर्षांत बदला. ती पूर्ण मेल्यावर कळवेल या भरवशावर राहू नका.

सायरन एक पुरे की दोन?

दोन. बाहेरचा शेजाऱ्यांना कळावं म्हणून, आतला चोराला घरात थांबू देऊ नये म्हणून. बंद खोलीत ११० डेसिबल आवाजात शांतपणे कपाटं उघडणं अवघड असतं. अंतर दुप्पट झालं की मोकळ्यावर आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, म्हणून बाहेरचा सायरन घराच्या त्या बाजूला लावा जिथे माणसं राहतात. तो हात पोचणार नाही अशा उंचीवर हवा, आणि झाकण उघडलं तरी वाजावा.

किती मिनिटांनी थांबायचा ते ठरवून ठेवा. रात्रभर वाजणाऱ्या सायरनकडे दुसऱ्या वेळी कोणी लक्ष देत नाही. अनेक ठिकाणी याला कायद्याचीही मर्यादा असते.

कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हवा?

हा आकडा एकटा काही सांगत नाही. एक मीटर रुंदीवर किती पिक्सेल पडतात ते बघा. युरोपीय मानकानुसार अनोळखी माणसाचा चेहरा ओळखायला मीटरला २५० पिक्सेल लागतात, ओळखीचा माणूस ओळखायला १२५, आणि कोणीतरी आहे एवढं कळायला २५ पुरतात.

फुल एचडी चित्राची रुंदी १९२० पिक्सेल. २८ मिलिमीटरचा नव्हे, २.८ मिलिमीटरचा रुंद भिंगाचा कॅमेरा साधारण १०० अंश बघतो. तीन मीटरवर त्याच्या चित्रात सातेक मीटर रुंदी मावते, म्हणजे मीटरला सुमारे २७० पिक्सेल: चेहरा ओळखता येईल. पाच मीटरवर तीच रुंदी बारा मीटरच्या जवळ जाते आणि पिक्सेल १६० वर उतरतात: घरातला माणूस ओळखू येईल, चोर नाही. म्हणून फाटकावर चेहरा हवा असेल तर अरुंद भिंगाचा कॅमेरा, आणि अंगणात हालचाल बघायची असेल तर रुंद. एकाच कॅमेऱ्याकडून दोन्ही अपेक्षा ठेवल्या की दोन्ही फसतात.

उंची अडीच ते तीन मीटर. त्याहून वर नेला की टोप्या आणि डोक्याची टाळूच दिसते. दारातून मागे झगझगीत उजेड येत असेल तर डब्ल्यूडीआर (झगझगीत आणि अंधारा भाग एकाच चित्रात सांभाळायची सोय) असलेला कॅमेरा घ्या, नाहीतर माणूस काळी सावली होऊन बसतो.

रात्री चित्रात पांढरं धुकं का दिसतं?

कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड उजेड जवळच्या भिंतीवर, छपराच्या कडेवर किंवा कोळिष्टकावर आपटून परत येतो. कॅमेरा थोडा पुढे घ्या किंवा वळवा, आणि काच मऊ कापडाने पुसा. घराच्या आतून खिडकीच्या काचेमागे कॅमेरा लावला तरी हेच होतं.

कॅमेऱ्यांना वायर कोणती?

आज नवीन टाकत असाल तर कॅट-६ नेटवर्क केबल, तांब्याची, आणि पीओई (केबलमधूनच वीज देणारा) स्विच. एकाच केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही जातात. प्रत्येक कॅमेऱ्याशेजारी ॲडॉप्टर आणि प्लग लागत नाही. मर्यादा १०० मीटर. ८०२.३एएफ या मानकाचा स्विच एका पोर्टला १५.४ वॅट देतो आणि कॅमेऱ्यापर्यंत १२.९५ धरायचे. स्थिर घरगुती कॅमेऱ्याला ते सहसा पुरतात, पण स्विचची एकूण क्षमता सगळ्या कॅमेऱ्यांच्या रात्रीच्या बेरजेपेक्षा जास्त आहे ना ते बघा. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेरा जास्त वीज घेतो.

बाहेरचा जोड नेहमी बंद डब्यात ठेवा आणि केबल डब्यात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या. पावसाचं पाणी केबलवरून ओघळत येतं आणि झोळाच्या तळातून गळून जातं. झोळ नसेल तर ते थेट जोडात उतरतं आणि काही महिन्यांत पिना हिरव्या पडतात. आणखी एक गोष्ट: भिंतीबाहेर लोंबणारी केबल थेट घरच्या नेटवर्कचं दार असते, म्हणून ती हाताला लागू देऊ नका.

रेकॉर्डिंग किती दिवसांचं राहील?

एक कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिट लिहीत असेल तर दिवसाला ४३ गिगाबाइट होतात. चार कॅमेरे पंधरा दिवस, म्हणजे २.६ टेराबाइट, ४ टेराबाइटची डिस्क घ्या. एच.२६५ (चित्र दाबून साठवायची पद्धत) वापरलं तर तेवढ्याच दर्जाला जागा बरीच कमी लागते.

रेकॉर्डर टीव्हीखाली मांडून ठेवू नका, चोर तो घेऊन जातो. त्याचं घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळू द्या. आणि रेकॉर्डिंग बाहेर कसं काढायचं ते शांत दिवशी एकदा करून बघा. प्रसंग घडल्यावर ते शिकताना जुनं रेकॉर्डिंग पुसलं जातं.

कोणी माझे कॅमेरे बघू शकेल का?

निष्काळजीपणा केला तर हो. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवलेले कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) या कंपनीवर जो हल्ला झाला त्यात अशी उपकरणं वापरली गेली आणि अनेक मोठी संकेतस्थळं काही तास उघडेनात. त्या उपकरणांच्या मालकांना याची कल्पनाही नव्हती.

पासवर्ड पहिल्या दिवशी बदला. दोन टप्प्यांची ओळख (पासवर्डनंतर आणखी एक कोड) असेल तर ती चालू करा. राउटरमध्ये बाहेरून थेट प्रवेशासाठी पोर्ट उघडू नका आणि यूपीएनपी (उपकरणांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) बंद ठेवा. कॅमेरे वेगळ्या नेटवर्कवर ठेवता आले तर उत्तम. बसवणाऱ्या माणसाला दिलेला पासवर्ड काम संपताच बदला. यात अविश्वास काही नाही, चांगला कारागीर स्वतःच तसं सांगतो. झोपायच्या खोलीत आणि न्हाणीघराच्या वाटेवर कॅमेरा लावूच नका. शेजाऱ्यांची खिडकी चित्रात येत असेल तर तेवढा भाग झाकायची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते, ती वापरा.

घरातले अलार्म लावायला कंटाळतात. काय करू?

दोष बहुधा सेटिंगमध्ये असतो. मुख्य दाराला आत येताना तीस ते पंचेचाळीस सेकंदांची सवड द्या. हातात पिशव्या घेतलेल्या, सावकाश चालणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाला धरून ती मोजा. रात्रीसाठी वेगळा मोड ठेवा, ज्यात फक्त दारं-खिडक्या जाग्या असतील आणि घरात फिरता येईल. कीपॅड अशा उंचीवर लावा की मुलांनाही आकडे दिसतील. बाहेर पडताना एका बटणावर अलार्म लागला पाहिजे.

प्रत्येकाला वेगळा कोड द्या, कामाला येणाऱ्यांनाही, आणि त्यांच्या येण्याच्या वेळेपुरताच तो चालेल असं ठेवा. धाकाखाली टाकायचा गुप्त कोडही बहुतेक पॅनेलमध्ये असतो. त्याने अलार्म बंद झाल्यासारखा दिसतो पण मदतीचा संदेश जातो. तो घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवा.

धूर आणि गॅसचे सेन्सर याच पॅनेलला जोडू का?

जरूर जोडा, पण अलार्म लावलेला असो-नसो, चोवीस तास जाग्या राहणाऱ्या झोनवर. धुराचा सेन्सर छतावर, कारण गरम धूर वर जातो. स्वयंपाकाचा गॅस सिलिंडरचा असेल तर तो हवेपेक्षा जड असतो, सेन्सर जमिनीजवळ लावा. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो, तिथे तो छताजवळ हवा. ही जागा उलटी झाली तर सेन्सर असून उपयोग नाही. धुराचे सेन्सर दहा वर्षांनी बदलायचे असतात, मागे तारीख असते.

आणि खिडक्यांना जाळ्या लावत असाल तर निदान एक आतून, किल्लीशिवाय उघडणारी ठेवा. चोराला अडवणारं घर आगीत माणसांना कोंडणारं होऊ नये.

सगळं स्वतः करता येईल का?

१२ व्होल्टचा भाग सावधपणे काम करणाऱ्या कोणालाही जमतो. पॅनेलला मेनची वीज जोडणं आणि अर्थिंग हे परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. भोक पाडण्याआधी भिंतीत वायर किंवा पाण्याचा पाइप नाही ना ते तपासा. स्विचबोर्डाच्या सरळ वर आणि खाली तर कधीच पाडू नका.

देखभाल काय लागते?

महिन्यातून एकदा प्रत्येक दार उघडून आणि प्रत्येक खोलीत चालून पॅनेलला ते कळतंय का बघा. सायरन वाजवण्याआधी शेजाऱ्यांना सांगा. तीन महिन्यांतून एकदा पॅनेलची मेनची वीज बंद करून तासभर बॅटरीवर चालवा. एखादा झोन पुन्हा पुन्हा खोटा वाजत असेल तर तो कीपॅडवरून वगळून पुढे जायची सवय लावून घेऊ नका. टर्मिनलचे स्क्रू आवळा, चुंबकाचं अंतर बघा, पीआयआरमध्ये मुंग्या किंवा कोळी शिरलाय का पाहा. या तिन्हींत कारण सापडलं नाही तरच सेन्सर बदला.

बाहेरून आलो आणि अलार्म वाजत असेल तर?

आत जाऊ नका. बाहेरच, उजेडात थांबा, पोलिसांना फोन करा आणि मोबाइलवर कॅमेरा बघा. दार तुटलेलं दिसत नसलं तरीही. घरात मुलं किंवा म्हातारी माणसं असतील तर पोलिसांना ते आधी सांगा आणि त्यांना फोन करून एका खोलीत आतून कडी लावून बसायला सांगा. ती खोली कोणती, हे घरात आधीच ठरलेलं असावं.